जावई अंगणात आला तेव्हा

जज्जा लिओकाडिया पहिल्यांदा पडली तेव्हा तिनं मला सांगितलं की ती बसली होती.

केळीच्या बागेत, नवऱ्याच्या थडग्याशेजारी. झग्याला मागून माती, कोपर सोललेलं, एक चप्पल पायात आणि दुसरी केळीच्या बुंध्यापाशी.

"असं कोण बसतं, जज्जा?"

"दमलेलं माणूस बसतं. हात दे. आणि लुबोवाला फोन केलास तर तुझी खोली उद्या दुसऱ्याला भाड्यानं देईन."

लुबोवा तिचा मुलगा, कंपालाला असतो. नाताळात येऊन तो सांगून गेला होता, आई, आता एकदा जरी पडलीस तर तुला इथं एकटीला ठेवणार नाही. जज्जा चौऱ्याहत्तर वर्षांची. याच घरात लग्न होऊन आली, इथंच तिची सात बाळंतपणं झाली. बागेत नवरा पुरलेला आणि त्याच्या शेजारची जागा तिची. "लुबोवाच्या घराभोवती सगळीकडे फरशीच आहे," ती म्हणायची. "मला पुरतील कुठं?"

मी तिच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. मसाकाच्या रस्त्यावरच्या शाळेत साहित्य शिकवते. माझं तिचं नातं काही नव्हतं. सगळं गाव तिला जज्जा, म्हणजे आजी, म्हणायचं, तशी मीही म्हणायला लागले. हळूहळू माझं रात्रीचं जेवण तिच्याच चटईवर व्हायला लागलं.

मी फोन केला नाही. बदल्यात तिला दवाखान्यात नेलं.

"किती वेळा पडलात?" नर्स अगाथानं विचारलं.

"एकदाही नाही."

"बरं. बसलात किती वेळा?"

जज्जानं माझ्याकडे बघितलं. "चार," ती म्हणाली. मला एकच माहीत होती.

नर्सनं तिचा रक्तदाब बसवून मोजला, मग उभं करून मोजला. उभं राहिल्यावर तो एकदम खाली येत होता. गोळ्यांची वेळ बदलली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. झिजलेल्या चपला नर्सनं स्वतः उचलून कचऱ्यात टाकल्या.

"चटईवरून ताडकन उठायचं नाही. आधी गुडघ्यांवर या, मग खुर्चीला धरा, उभं राहून दहा आकडे मोजा, मग पाऊल टाका."

"दहा आकड्यांत पाहुणा घरी परत जाईल."

"जाऊ दे. आणि भीती वाटते म्हणून नुसतं बसूनही राहू नका. चालत राहा." मग तिचं लक्ष खाली गेलं. "हा हात कधीपासून थरथरतो?"

जज्जानं हात कमरपट्ट्यात खुपसला. "थंडी वाजतेय."

बाहेर ऊन रणरणत होतं. हा कंपवाताचा आजार असेल तर पाय अडखळण्याचं तेही कारण असतं, औषध मिळतं, मसाकाच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा, असं नर्सनं सांगितलं. चिठ्ठी दिली. जज्जानं ती परतीच्या वाटेवर चुरगाळून टाकली.

मला कारण विचारावं लागलं नाही. आमच्याकडे सासू आणि जावई एकमेकांसमोर येत नाहीत. स्पर्श झाला, अगदी त्याच्या बसल्या जागी ती बसली, तरी म्हातारपणी हात कापायला लागतात म्हणतात. पाणवठ्यावर बायकांची कुजबुज सुरू झालीच होती. लिओकाडियानं जावयाच्या खुर्चीत बूड टेकलं असणार.

"डॉक्टरकडे जायचं म्हणजे कबूल करायचं," जज्जा म्हणाली. "मी काही केलेलं नाही."

तेव्हापासून तिचं सोवळं अजूनच कडक झालं. मुलगी बिबियाना भेटायला आली की जज्जा आधी विचारायची, तो रस्त्यावर तर नाही ना थांबलेला?

बाकी सगळं तिनं ऐकलं. मोठ्यानं दहा आकडे मोजायची आणि अकरावा म्हणून माझं नाव घ्यायची. रोज बागेच्या टोकापर्यंत चालायची. दोन महिन्यांत ती एकदाही बसली नाही. मला शहाणपणाचा माज चढला होता.

राहिला होता संडास. घरामागं उतारावर, आणि पाऊस पडला की तिथली लाल माती साबणासारखी व्हायची. धरायला लोखंडी दांडा हवा होता. बिबियानाच्या नवऱ्याचं, कियिंगीचं, मसाकाला वेल्डिंगचं दुकान. मी त्याला फोन केला.

"शनिवारी या. मी घरी असते. जज्जाला तेवढा वेळ माझ्या खोलीत बसवते, दार लावून."

"बरं, मास्तरीणबाई. दार नीट लावा पण. माझी सासू खिडकीतून दिसली तरी मला दंड लागायचा."

तो गुरुवारी आला. दुकानात वीज नव्हती, दिवस फुकट जात होता, म्हणून. निघताना त्यानं मला फोन केला होता. मी वर्गात होते आणि फोन शिक्षकांच्या खोलीत.

जज्जा अंगणात चटईवर शेंगा सोलत होती. केळींमधून मोटरसायकल आली. तिला त्याचा चेहरा दिसला. ती उठली. धरलं काही नाही, मोजलं काही नाही. डोक्यावर फडकं ओढून ती घराकडे धावली. आधी चटईची कड लागली, मग पायरी. ती उंबऱ्याच्या आत पडली. पडल्या पडल्या तिनं हात लांब करून दार ओढून घेतलं.

कियिंगीनं रीतीप्रमाणे तोंड फिरवलं होतं. मग तो भिंतीपाशी येऊन उभा राहिला. पुढचं मला दोघांनीही सांगितलं, वेगवेगळ्या वेळी. एका शब्दाचाही फरक नव्हता.

"आई, बरं आहे ना?"

"बरं आहे, बाबा. घरी कसे आहेत सगळे?"

"मजेत. बिबियानानं साखर दिलीय. ओसरीवर ठेवतो."

"ठेव."

"काहीतरी पडल्याचा आवाज आला."

"टोपली पडली."

तो दोन तास काम करत होता. खड्डे खणले, सिमेंट कालवलं, दांडा बसवला. जाताना म्हणाला, "येतो, आई. आज धरू नका, उद्यापर्यंत वाळेल."

"सांभाळून जा," ती म्हणाली.

मी साडेचारला आले. आधी मला दांडा दिसला. मी खूश झाले. मग दार ढकललं, तर ते अर्धंच उघडलं.

तिचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळला होता, आखूड दिसत होता. खाली ओलं झालं होतं. "आधी मला कोरडं नेसव," ती म्हणाली. "मग कुणाला बोलवायचं ते बोलव."

"हाक का नाही मारलीस?"

"कुणाला मारू? तोच एकटा होता."

खुब्याचं हाड मोडलं होतं. मसाकाच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन आज होईल, उद्या होईल, असं अकरा दिवस चाललं. मग तिच्या छातीत कफ झाला आणि डॉक्टर म्हणाले, आता नको. पायाला वजन बांधून तिला निजवून ठेवलं. सहा आठवड्यांनी म्हणाले, घरी न्या, रोज आधार देऊन उभी करा.

घरी म्हणजे कुठं? बिबियानाचं घर दवाखान्यापासून पंधरा मिनिटांवर, एक खोली रिकामी. पण ते कियिंगीचं घर. तो रोज दवाखान्याच्या आवारात फणसाखाली बसायचा. वॉर्डात एकदाही आला नाही.

"मी दुकानात राहायला जातो," तो मला म्हणाला. "लागतील तेवढे महिने. तिला विचारा."

मी विचारलं.

"माझ्या पायासाठी पुरुषानं घर सोडायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"तुला सोपं आहे, पोरी. तुझे हात कापत नाहीत."

मी खाली येऊन कियिंगीला नाही म्हणून सांगितलं.

"तुम्हाला काय माहीत होतं, ती पडलीय म्हणून," मी म्हटलं.

"माहीत होतं," तो म्हणाला. "टोपलीचा आवाज मला कळतो."

लुबोवा तिला कंपालाला घेऊन गेला.

ऑगस्टच्या सुट्टीत मी तिला बघायला गेले. लुबोवा वाईट मुलगा नाही. स्वच्छ खोली, भिंतीला लावलेला पलंग, खाऊ घालायला एक बाई. फक्त उभं राहायचं नाही, असा हुकूम. डॉक्टरांच्या सांगण्याची मी त्याला आठवण करून दिली.

"मास्तरीणबाई, परत पडली तर जबाबदार कोण?"

तो कामावर गेला. बाई बाजारात गेली.

जज्जानं पांघरूण बाजूला केलं. तिची पोटरी माझ्या मुठीत मावली असती. "चल," ती म्हणाली. "दोघीच आहोत. उभी कर मला."

मी तिच्या काखेत हात घातला. ती पलंगाच्या कडेला आली. तिचे तळवे फरशीला लागले, आणि तिचं सगळं अंग थरथरायला लागलं. की माझं, मला कळलं नाही.

मी तिला परत निजवलं. "लुबोवा येऊ दे," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. मग तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि विचारलं, बागेतल्या कॉफीला फुलं आली का.

"आली," मी म्हटलं. बागेच्या त्या बाजूला मी कितीतरी दिवसांत गेलेच नव्हते.