सही कुणाची?

आमच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं, तेव्हा यजमानांनी नवा पांढरा शर्ट शिवायला टाकला. निवडणुकीला उभी मी राहणार होते, शर्ट मात्र त्यांना. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. निवडून आल्यावर ग्रामपंचायतीत ते बोलायचे आणि मी ठरावाखाली सही करायचे.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत आम्ही हमरस्त्यापलीकडच्या वस्तीवरची अंगणवाडी गावात हलवायचं ठरवलं. वस्तीवर पोरंच नाहीत, असं यजमान म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. सगळी वस्ती पोराबाळांसकट ऊसतोडीला गेलेली, घरांना कुलपं. जामखेडकडच्या माणसांना ऊसतोड काय सांगावी लागते? पण कुलपांचं नाव काढून आम्ही मोकळे झालो. सही करून मी घरी गेले आणि भाकरी थापायला बसले.

हंगाम संपून साखर कारखाने बंद झाले, माणसं परतली. एक मेच्या ग्रामसभेत वस्तीवरची एक बाई उठली. नव्या अंगणवाडीत जायला पोरांना हमरस्ता ओलांडावा लागत होता, आणि परवाच तिची चार वर्षांची लेक टेम्पोखाली येता येता वाचली होती.

"अंगनवाडी कुनाला इचारून हलिवली?"

यजमान सवयीनं उठले.

"दादा, बसा तुमी. ठरावावर सही कुनाची हाय? मी सरपंचबाईला इचारतेय."

सभा हसली. ग्रामसेवक हळूच म्हणाले, "वरून आदेश होता म्हणा." तेवढं म्हटलं असतं तर सुटलेच असते. बाईचा रागही आला, खोटं कशाला सांगू? पण ती खाली बसेना. दोन वर्षांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

मी उठले. "सही माझी आहे. वस्तीवर येऊन बघितलं नाही, तशीच केली. चुकलं माझं."

त्याच सभेत ठराव रद्द झाला. "चारचौघांत नाक कापलंस," म्हणून यजमान आठवडाभर बोलले नाहीत. चांगलंच झालं. अंगणवाडी परत न्यायला तालुक्याला तीन खेपा माराव्या लागल्या, त्या मी एकटीनं एसटीनं केल्या. ऊसतोडीचा पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत वस्तीवर पोरांचा कालवा सुरू झाला होता.

ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशी ती बाई माझ्या घरी आली. मोबाईल नंबर सांगितला आणि मी तो बरोबर लिहिला का, तेही बघितलं. "जानेवारीत काय ठरवायचं असंल तर आदी फोन करा."

मी कसेबसे तिचे आभार मानले. तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

"मागच्या खेपंला मत दादाकडं बघून दिलं हुतं," ती म्हणाली. "आता तुमाला देईन. पर इचारायचं सोडनार न्हाई."