खाकी कोटाची गुंडी

नामांतराच्या दंगलीत शेजारच्या गावातली घरं जळाली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी गंगाखेड तालुक्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवायचो. आजवर ती मी घरातही नीट सांगितलेली नाही.

गावातल्या एका बागायतदाराची विहीर बौद्धवाड्यातला एक जण खोदत होता. काळ्या पाषाणात त्याला काचेसारख्या गारा लागल्या. विहिरीत अशी वेगळी गार निघाली की आमच्याकडं तिला शेंदूर लावून काठावर ठेवतात. मालकांना मात्र ती आधी तपासून हवी होती. काही खडे ज्याच्या उजेडात चमकतात, असा अतिनील दिवा शाळेत नुकताच आला होता. दोघं भर दुपारी आले. शाळेत जायचं म्हणून खोदणाऱ्यानं धुतलेला पांढरा सदरा घातला होता.

खिडक्या बंद करून मी दिवा लावला. गार गुलाबी झाली. दिवा बंद केला तरी ती दोन-तीन क्षण हिरवट उजळलेलीच राहिली. मालक मागं सरकले. मी पुन्हा बटण दाबलं, तेव्हा ते गारेकडं नाही, खोदणाऱ्याकडं बघत होते. अंधारात त्याचा सदरा निळसर पांढरा चमकत होता. मालकांची जाडीभरडी बंडी मात्र काळीच दिसत होती.

“धोंडा खाऊन आलास काय रं?” मालक म्हणाले, पण हसले नाहीत. “माझ्या हिरीत करणी करायलाय ह्यो.”

करणीचा बोभाटा झाला तर काम जाणारच होतं; त्या दिवसांत झोपडीही उरली नसती. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

“गुरुजी, तुमी तरी सांगा,” तो म्हणाला.

सांगणं सोपं होतं. धुण्याच्या पावडरीत असं काही असतं, जे त्या उजेडात चमकतं. माझाही सदरा तसल्याच पावडरीत धुतलेला, प्रयोगशाळेच्या खाकी कोटाखाली झाकलेला. कोट काढला असता तर मीही तसाच दिसलो असतो. पण मालक शाळेच्या समितीवर होते, आणि बौद्धवाड्याची बाजू घेणाऱ्या एका शिक्षकाचं फोडलेलं दार मी दंगलीत पाहिलं होतं. कोटाची गळ्याजवळची गुंडी उघडी होती, तिथून निळी रेघ दिसत होती. मी ती गुंडी लावली.

“मला यातलं काही कळत नाही,” मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी ते कुटुंब भांडीकुंडी घेऊन गाव सोडून गेलं. कुठं, ते मी विचारलं नाही. गावात मात्र मला पुष्कळांनी विचारलं, गुरुजी, खरं काय होतं? प्रत्येकाला मी तेच उत्तर दिलं.