कार्डावरची आत्या

जे मी बायकोला कधी सांगितलं नाही, वडिलांना त्यांच्या अखेरच्या दुखण्यातही सांगितलं नाही, ते आज लिहितो आहे. कर्जतच्या शाळेत मला जागा मिळाली ती सगुणाआत्यामुळे, आणि ती जागा टिकली ती मी आत्याबद्दल जे खोटं सांगितलं त्यामुळे. तेव्हा अकरा वर्षांचा होतो, असं म्हणून मी स्वतःला पुष्कळदा सोडवून पाहिलं आहे. सुटत नाही. अकरा वर्षांच्या पोराला आपण काय बोलतो आहोत ते चांगलं कळतं. मला तर कळत होतंच.

आत्याला मात्र खोटं बोलता येत नसे. म्हणजे ती बोलायची, गरिबाला बोलावंच लागतं. पण बोलण्याआधी तिचा हात डोक्याकडे जायचा. पदर मागे सारायची, पुन्हा नीट पुढे ओढून घ्यायची आणि मग खोटं बोलायची. घरमालकीण दारात येऊन विचारी, "माझ्या ढिगातली लाकडं कोणी उचलली गं?" आत्या पदर सारायची, ओढायची आणि म्हणायची, "मांजर आलं असंल." मांजर लाकडं नेत नाही एवढं मालकिणीलाही कळे, पण पदराची खूण तिच्या ध्यानात कधी आली नाही. ती फक्त मला ठाऊक होती. तिच्याजवळ इतकं बसणारं दुसरं कोणी नव्हतंच.

ती माझी सख्खी आत्या नव्हे. भाऊबंदांतलीही नव्हे. आमचं गाव पळसदरीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, वीस-पंचवीस घरांचं. तिचं माहेर त्या गावात, एवढाच संबंध. पण आमच्याकडे गावची लेक ही साऱ्या गावाची बहीण असते. ती सासरी जाऊन म्हातारी झाली तरी गावातल्या बाप्यांना भाऊच म्हणते, आणि त्यांची पोरं तिला आत्या म्हणतात. नवऱ्यानं टाकल्यावर आत्या गावी परतली नाही, कारण परतायला घर उरलं नव्हतं. कर्जतला भाताच्या गिरणीत तांदूळ पाखडायला राहिली. स्टेशनामागे एका लांबट घरात तिची खोली होती. एक चूल, एक पत्र्याची पेटी आणि भिंतीला टेकवलेलं एक सूप.

आमच्या गावची शाळा चौथीला संपायची. पुढे कर्जत. पण ते लढाईचे दिवस होते. मुंबईहून घाबरून आलेली कुटुंबं गावात राहिली होती आणि शाळेचे वर्ग भरून गेले होते. मोठ्या गुरुजींनी नियम काढला की ज्याचं नाव गावातल्या रेशनच्या कार्डावर, त्यालाच जागा. बाहेरगावच्यांनी आपापली सोय बघावी. आपली सोय म्हणजे शेतात बैलांच्या शेपट्या पिरगाळणं. वडील दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन आत्याच्या दारात उभे राहिले.

"सगुने, पोराचं नाव तुज्या कार्डावर घालशील?"

"घालीन. पन मंग तो हितं जेवंल."

"जेवायला कशाला? त्याची आय भाकर बांधून देईल. नुसतं कागदापुरतं."

"कागदापुरतं नाय, दादा. सरकारला लिवून द्यायचं पोरगं हितं खातंय, आनि त्यानं खायाचं तुज्या घरी? ते माज्यानं नाय व्हायचं. लिवायचं तर मंग ते खरं करायचं."

"बरं बाई. आनि नातं काय सांगशील?"

"भावाचा पोर. त्यात खोटं काय हाय? तू भाव नाय तर कोन हायस माजा?"

हे बोलताना तिचा हात पदराकडे गेला नव्हता.

"लिवायचं तर खरं करायचं," हा तिचा कायदा झाला. मधल्या सुट्टीत मी तिच्या खोलीवर जायचं, साखळी काढायची आणि परातीखाली झाकलेली भाकरी खायची. रेशनची लाल ज्वारी, जाडीभरडी, कधी किडकी. आम्ही भातखाऊ माणसं. तो घास माझ्या तोंडात फिरायचा. आईनं बांधून दिलेली तांदळाची भाकरी मी पुढे केली तर आत्या ती हातात घेऊन वास घ्यायची आणि शेजारच्या पोरांना वाटून टाकायची. "ही तुज्या आयची. ही कार्डावर नाय." दिवसभर तांदूळ पाखडणारी बाई, तिच्या नखांत, केसांत कोंडा असायचा, पण घरात तांदळाचा दाणा नसायचा. गिरणीच्या फाटकावर बायांची झडती होई. तांदळाच्या भाकरीवर तिचा केवढा जीव होता ते तो वास घेताना दिसायचं.

कार्ड ती एका फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवी. तिला अक्षर येत नव्हतं. रेशन आणायच्या आदल्या दिवशी ते बाहेर काढून माझ्यापुढे धरायची. "वाच." मी तिचं नाव वाचायचो, माझं नाव वाचायचो. "फुडं?" पुढे लिहिलेलं असे, एकूण माणसं दोन. "पुना वाच." मी पुन्हा वाचायचो. दोन माणसं. ती मान हलवायची आणि फडकं बांधायची. तेव्हा मला ते तिचं खूळ वाटे.

पावसाळ्यात वाटेवरचा ओढा चढला, तसा मी तिच्याकडेच राहायला गेलो. आषाढापासून नवरात्रापर्यंत राहिलो. गोधडी एकच होती, ती मला; ती स्वतः गोणपाटावर निजायची. पाढे म्हणताना मी अडलो की चुलीकडे तोंड करून ओरडायची, "दत्त्या, हितं कालबी आडकला हुतास रं!" तिला आकडा ठाऊक नसे, पण माझ्या आवाजाची ठेच ठाऊक असे. एकदा घरमालकिणीनं मला बघून विचारलं, "हा कोण?" आत्यानं मोठ्यानं, बाजूच्या दोन खोल्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "भाचा माजा. हितंच असतो." मग आत येऊन माझ्याजवळ बसली. "बग, आता सगळं कार्ड खरं झालं." एवढी खूश मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

शाळेत मला कोंड्या म्हणत. माझ्या सदऱ्याला तिच्या खोलीतला कोंडा चिकटलेला असे. कर्जतची मुलं बुटांची, इस्त्रीच्या कपड्यांची. एकदा एकानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे कोंड्या, ती टाकलेली बाई तुझी कोण लागते?" मी म्हणालो, "कोणी नाही. ओळखीची आहे." पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथे आहे. एकदा म्हटलेलं दुसऱ्यांदा म्हणायला सोपं जातं.

पौषात कोणीतरी निनावी अर्ज केला. हा मुलगा रोज पळसदरीच्या बाजूनं चालत येतो, कार्डावरचं नाव खोटं आहे, त्याच्या नावचं धान्य बाई उचलते. ओढा उतरल्यावर मी पुन्हा घरून येऊ लागलो होतो, हे खरंच होतं. दुपारच्या तासाला शिपाई मला बोलवायला आला. मोठ्या गुरुजींच्या खोलीत पुरवठ्याचा कारकून बसला होता, टेबलावर ते कार्ड होतं, फडक्याशिवाय. आणि भिंतीपाशी आत्या उभी होती. गिरणीतून तशीच आणलेली. भुवयांवर कोंडा.

गुरुजी वाईट नव्हते. मला आधी व्हरांड्यात घेऊन ते हळूच म्हणाले, "बापानं हे करवलं असेल तर मला नाव काढावं लागेल, आणि बापावर खटला होईल. पण बाईनं आपल्या मनानं, धान्याच्या लोभानं केलं असेल तर तुझा काय दोष? तुला मी काढणार नाही. काय असेल ते सांग." त्यांनी मला वाट दाखवली. चाललो मी.

कारकुनानं विचारलं, "तू हिच्याकडे जेवतोस?"

तासाभरापूर्वी तिचीच भाकरी खाऊन आलो होतो. मी म्हणालो, "नाही."

"राहतोस?"

"नाही."

"मग तुझं नाव कार्डावर कसं?"

"तिनंच घातलं. धान्यासाठी."

इथपर्यंत मी वडिलांना वाचवत होतो, शाळा वाचवत होतो, असं म्हणता येईल. पण मग खोलीत कोणी बोलेना, आणि त्या शांततेची मला भीती वाटली. मी आणखी एक वाक्य बोललो. ते मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "ती आमची कोणी नाही."

कारकून आत्याकडे वळला. "काय गं? पोर काय सांगतंय?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं पदर मागे सारला. कोंडा खाली सांडला. मग पदर पुन्हा नीट पुढे ओढून घेतला आणि ती म्हणाली, "पोर खरं बोलतंय, सायब. मीच घातलं नाव. माज्या मनानं."

त्या खोलीत ती खोटं बोलते आहे हे जाणणारा मी एकटा होतो.

तिला बाहेर नेताना ती माझ्याजवळून गेली. थांबली नाही. जाताजाता म्हणाली, "जा वर्गात. तास बुडंल." मी गेलो. तास गणिताचा होता.

तिला दोन दिवस कचेरीत बसवून ठेवलं. कार्ड जप्त झालं. गिरणीच्या मुकादमानं सांगितलं की धान्यात लबाडी करणारी बाई तांदळाजवळ नको. आठवड्यानं वडील तिच्या खोलीवर गेले तर तिथे दुसरं बिऱ्हाड आलं होतं. घरी येऊन ते ओसरीवर बसले आणि आईला म्हणाले, "सगुनीला येवढं निभावता आलं नाय. कबूल करून बसली. तोंड मिटून ऱ्हायची तर काय झालं नसतं." मी आत पाटी घेऊन बसलो होतो, सगळं ऐकत. वडील हे पुढे वीस वर्षं म्हणत राहिले. माझा सातवीच्या फायनलचा निकाल लागला तेव्हा म्हणाले, मी मास्तर झालो तेव्हा म्हणाले. "तिनं केला हुता घात, पन पोरगा निभावला." मी दर वेळी खाली बघायचो. त्यांना वाटे, पोर नम्र आहे.

आत्या मला त्यानंतर एकदा दिसली. मला नोकरी लागून सातआठ वर्षं झाली होती. खालापूरला मास्तरांच्या सभेला निघालो होतो, बरोबर दोघे जण होते. चौक गावाच्या अलीकडे गाडीचं चाक पंक्चर झालं म्हणून आम्ही उतरलो. रस्त्याचं काम चाललेलं होतं. आंब्याखाली खडी फोडणाऱ्या बाया जेवायला बसल्या होत्या, आणि त्यांत ती. केस पांढरे, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. हातात लाल ज्वारीची भाकरी. मी तिला ओळखलं, आणि तिनंही मला ओळखलं.

शेजारची बाई हसून म्हणाली, "सगुने, त्यो मास्तर तुज्याकडंच बगतोय गं. वळखीचा हाय काय?"

आत्यानं भाकरी मांडीवर ठेवली. चिंध्यांचा हात वर नेला, पदर सारला, पुन्हा ओढून घेतला. "नाय गं. असंल कोनतरी."

माझ्या बरोबरचा मास्तर म्हणाला, "कोण हो ती?" मी म्हणालो, "कोण जाणे." मला पदर सारावा लागला नाही. गाडी सुरू झाली, आम्ही चढलो. सभेत त्या दिवशी मी भाषणही केलं. विषय आठवत नाही.

पुढे दोनदा मुद्दाम चौकला गेलो. पहिल्यांदा कामाची टोळी हललेली होती. दुसऱ्यांदा तीच हसरी बाई भेटली. म्हणाली, "ती सगुनी? ती गेली की. तापानं. खालापुराकडं खोपीत व्हतो तवा." मग माझ्याकडे निरखून पाहत विचारलं, "तुमची कोन व्हती?" मी म्हणालो, "गावची."

आता मी स्वतः एका शाळेचा मोठा गुरुजी आहे. जूनमध्ये बाहेरगावची पोरं येतात, बरोबर कुणाचा मामा, कुणाची मावशी, आणि पत्ते बघूनच कळतं की हे राहतात कुठे आणि लिहिलंय कुठे. मी कागद बघतो आणि सही करतो. पोराला काही विचारत नाही. माझे सहकारी म्हणतात, साहेब फार दयाळू. दया नाही ती. पोराचं उत्तर मला ऐकवत नाही.

सगुणाआत्याला मी एक वाक्य देणं लागतो. "मी हिच्याकडे जेवतो, ही माझी आत्या आहे." ते त्या टेबलासमोर, मोठ्यानं, तिच्या देखत म्हणायचं होतं. इथे लिहिल्यानं ते फिटलेलं नाही. तिला वाचता येत नव्हतं.