उरलेल्या लसीचा डबा

साखरबाईंचा डावा डोळा गेला तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. देवीच्या साथीत गेला. तोंडावर तर बोट ठेवायला जागा नाही एवढे वण. वरवंडच्या बाजारात कुणी नवखं माणूस टक लावून बघू लागलं की त्या म्हणायच्या, "बघून घे नीट. असं तोंड आता कुणाला येत न्हाई."

माहेर भीमाकाठचं. वडील हौसराव शेतमजूर होते. त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडले. त्याला दोन वर्षं झाली नाहीत तोच साथ आली. देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा सरकारी माणूस गावात येऊन गेला होता. चावडीपुढं बसून त्यानं पोरांचे दंड टोचले आणि निघून गेला. बौद्धवस्तीत निरोपच पोचला नाही. पंधरवड्यात वस्तीतली सात पोरं आजारी पडली, साखरबाईंचा धाकटा भाऊ गेला. गाव म्हणालं, "देव टाकले, म्हणून देवी कोपली."

हौसराव तडक चावडीवर गेले. "शेजारच्या गावात कुणी देव टाकले? मग तिथली पोरं का मेली? तुमची टोचली, आमची न्हाई टोचली. एवढंच झालंय." दुसऱ्या दिवशी वस्तीतली राहिलेली पोरं घेऊन ते पायी दौंडला गेले आणि सगळ्यांना टोचून आणलं. साखरबाई तेव्हा अंथरुणात होत्या. वडिलांनी घरी येऊन सांगितलेलं, तापात ऐकलेलं हे बोलणं त्या शब्दाला शब्द सांगत.

पुढं वरवंडचं स्थळ आलं. पाहुणे बसले, कुणी वर बघेना. साखरबाईच बोलल्या, "तोंड बघायला आला असाल तर बघून झालं. आता कामाचं बोला." नवरामुलगा मोठ्यानं हसला आणि लग्न ठरलं. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा पोपट कारेगावात राहतो, कंपनीत आहे. "चल" म्हणतो. त्या जात नाहीत.

दोन वर्षांपूर्वी, ऊसतोडीच्या हंगामात, गोवराची साथ उठली. समाजमंदिरात लसीकरण ठेवलं होतं. दुपारी नर्स अनिताताई लसीचा निळा डबा बंद करायला लागल्या. साखरबाई पायरीवर बसल्या होत्या.

"झालं सगळ्यांचं?"

"यादीतल्यांचं झालं, आजी."

"आन् कोप्यांवरच्या पोरांचं?" ओढ्यापलीकडं तोडणी कामगारांच्या पंधरा-वीस कोप्या, पाचटाच्या झोपड्या, होत्या.

"ती यादीत नाहीत. बाहेरगावची आहेत. वरून सांगितल्याशिवाय मला तिकडं जाता येत नाही."

"उरलीय का लस?"

"एक कुपी फोडलेली आहे. चार तासांनी टाकून द्यावी लागते."

साखरबाई उठल्या. "टाकून देशील, पर त्यांच्या पोरांना देणार न्हाईस?" असं म्हणून त्यांनी डबा उचलला, पट्टा खांद्यात अडकवला आणि ओढ्याच्या वाटेला लागल्या. अनिताताई मागून पळत आल्या. "आजी, सरकारी डबा आहे! माझी नोकरी जाईल!"

"मग चल संगं. सुई तुझ्याकडं हाय."

चालता चालताच अनिताताईंनी आरोग्य केंद्रातल्या साहेबांना फोन लावला. पलीकडून आवाज चढला, तसा साखरबाईंनी फोन मागून घेतला. "डबा मी उचललाय. लिहा, साखरबाई, बौद्धवस्ती, वरवंड, वय त्र्याहत्तर. काय करायचं ते माझं करा." पलीकडचा माणूस म्हणाला, "नर्सबाईंना द्या फोन." आणि परवानगी मिळाली.

पहिल्याच कोपीत म्हाळसा नावाची बाई अंगावर पुरळ आलेला पोरगा मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी धाकटी पोरगी खेळत होती. म्हाळसा म्हणाली, "अंगात देवीबाय आलीया. टोचलं तर कोपंल."

साखरबाई तिच्यासमोर खाली बसल्या. पदर मागं सारला. "कोपायला बाय न्हाई, रोग हाय. माझा भाऊ असल्याच रोगानं नेला. पोराला दवाखान्यात घाल. पोरीला आत्ता टोचून घे. मी इथंच बसते, काय कोपायचं ते माझ्यावर कोपू दे."

म्हाळसानं त्यांच्या तोंडावरचे वण बघितले आणि पोरगी पुढं केली.

डब्यात बंद कुप्याही होत्या. संध्याकाळपर्यंत तेरा पोरांना लस टोचून झाली. एक बाप शेवटपर्यंत ऐकला नाही. पोरगी उचलून उसात निघून गेला. साखरबाईंनी त्याला मागून हाका मारल्या, शिव्याही दिल्या. तो वळला नाही. म्हाळसाचा पोरगा आठ दिवस दवाखान्यात होता, मग बरा होऊन आला.

पुढच्या ग्रामसभेत साखरबाई कोप्यांवरच्या पोरांची नावं लसीच्या यादीत घ्या म्हणून उभ्या राहिल्या. "आजी, बसून बोला," सरपंच म्हणाले. "ठराव लिहा, मग बसते," त्या म्हणाल्या. तासाभरानं ठराव लिहिला गेला.