पावणेदोन तासांचं विमान

बंगलोर ते नागपूर पावणेदोन तास. हवेतलं अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास. हे मी ताईला फोनवर ज्या रुबाबात सांगितलं, तो आठवला की अजूनही स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

भाचीचं लग्न होतं, आसेगावला, ताईच्याच दारात. मुहूर्त साडेअकराचा. आमच्याकडे नवरीला मांडवात मामा आणतो आणि मंगलाष्टकं होईस्तोवर तिच्या पाठीशी उभा राहतो. आणि सख्खा मामा मी एकटाच. ताई आठ दिवसांपासून म्हणत होती, "आदल्या दिवशीच ये रे बापा."

"कायले? पावणेदोन तासाचं तर विमान हाय," मी म्हणालो.

रजा मंजूर होती. खरं सांगतो, लग्नघरात पाहुण्यांच्या गर्दीत सतरंजीवर झोपायचं माझ्या जिवावर आलं होतं. वर पहाटेचं विमान सोडून आठचं घेतलं, झोपमोड नको म्हणून. नागपूरला उतरल्यावर समृद्धी महामार्गाने शेलूबाजारपर्यंत यायचं, तिथून आसेगाव, असे आणखी तीन तास होते. ते मी बोललोच नाही. मनात म्हटलं, आपल्याकडे कोणतं लग्न मुहूर्तावर लागते? वरात नाचत नाचत एक तर वाजवतेच.

नेमकी हीच वरात सव्वाअकराला मांडवाच्या दारात हजर. ऊन मी म्हणत होतं, नाचायला कोणी तयारच नव्हतं.

बाराच्या सुमारास ताईचा फोन आला. मी समृद्धीवर होतो, कारंजासुद्धा अजून यायचं होतं.

"कुठी हायेस? भटजी माइकवरून मामाले बोलावून राह्यले. तीनदा झालं."

"आलोच," मी म्हणालो. निगरगट्टासारखा.

ताईने पाऊण तास लग्न धरून ठेवलं. वरपक्षाची तोंडं वाकडी व्हायला लागली, तेव्हा नाइलाजाने आमच्या एका चुलतभावाला मामा म्हणून उभं केलं. मी पोचलो तेव्हा दुसरी पंगत बसत होती. नवरदेवाच्या काकांनी मला खालून वर पाहिलं. मी काही बोलणार तेवढ्यात ताईच पुढे झाली.

"विमानच लेट झालं, तो काय करन बिचारा," ती म्हणाली, आणि माझ्या हातात ताट दिलं.

हे तिला कोणी सांगितलं, कळेना. पण आयती सुटका झाली होती. "हो ना, पुरे दोन तास," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. विमानवाल्यांना दोन शिव्याही घातल्या.

संध्याकाळी पाठवणीला भाची ताईच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्या गळ्यात पडली. माझेही डोळे भरून आले होते. हुंदके आवरत ती माझ्या कानाशी हळूच बोलली.

"मामा, तुमी तिकिटाचा फोटो धाडला होता ना, त्याच्यावरून मी मोबाइलवर तुमचं विमान पाहून राह्यली होती. धा मिनिटं आधीच उतरलं ते. आईले म्याच सांगतलं, लेट झालं म्हून. तिले कदी सांगू नका, तिले लय लागन."

मग ती गाडीत बसली. ताई अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, विमानानं घात केला, नाहीतर माझा भाऊ वेळेवर पोचला असता. मी शेजारी बसून ऐकतो.