पत्र्याची माणसं आणि आमचा बापू

धंतोलीत दुकान असलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. ते काठी टेकत, वॉकर सरकवत, सुनेच्या खांद्याला धरून आपणहून पायऱ्या चढतात. आजूबाजूला सगळे दवाखाने आणि मधोमध माझं सर्जिकल सामानाचं दुकान. कुबड्या, कमरेचे पट्टे, कानाच्या मशीन, बीपीची यंत्रं. दहावीच्या पुढं मी शिकलो नाही. माणसाचा कोणता पार्ट कधी कुरकुरतो, ते मला गिऱ्हाइकांनीच शिकवलं. एक किस्सा सांगायला घेतला की मागून बाकीचे धक्काबुक्की करत येतात. म्हणून आज फक्त एकाच जातीचे सांगतो. पत्रेवाल्यांचे!

पत्रेवाले म्हणजे टीव्हीवरचे. एक परदेशी विज्ञान-मालिका आहे, हिंदीत डब केलेली. कधी सुरू झाली देव जाणे, संपायचं नाव नाही. हिरो बदलले, हिरोइनी बदलल्या, पण खलनायक तेच. अर्धे माणूस, अर्धे मशीन. जिवंत माणसाला धरायचं, आतून-बाहेरून मशीन बसवायची आणि आपल्या रांगेत उभं करायचं. प्रत्येक वेळी वाटतं संपले, आणि पुढच्या सीझनला पुन्हा हजर. अंगभर पत्रा, म्हणून त्यांना पत्रेवाले हे नाव आम्ही दिलं.

आम्ही म्हणजे तिघं. मी, कळमन्याच्या बाजारात संत्र्याची अडत असलेला दादाराव आणि सावनेरकडच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेला बापू. रविवारी सकाळी अर्धं शटर खाली ओढायचं, झणझणीत रश्श्याचे तर्री पोहे मागवायचे आणि दुकानातल्या टीव्हीसमोर बसायचं.

आता खरी गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात बापूचं हृदय जास्तच मंद चालायला लागलं. चालता चालता डोळ्यांपुढं अंधार. एकदा न्हाणीघरात पडला. समोरच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, "पेसमेकर बसवून घ्या. नाहीतर एखाद दिवशी पडाल, ते उठणार नाही."

बापू म्हणाला, "मी पत्रेवाला होत नाही."

आणि पोह्यावर आणखी तर्री ओतून घेतली!

* * *

पहिल्यांदा पत्रेवाले पाहिले तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. माझी नजर धंद्याची. "अरे, याच्या गळ्यात तर आपला मानेचा पट्टा आहे! तोही उलटा!"

दादाराव म्हणे, "गुडघ्याची साइज चुकली गा सुधाकर. एक्स्ट्रा लार्ज दे त्याले."

मग तो भाग आला. एका गावातली बाई पत्रेवाल्यांनी उचलून नेली होती. इकडं तिचा नवरा दाराला कडी लावून बसलेला. धाडकन दार तुटलं. दारात एक पत्रेवाला. आत यायला निघाला आणि उंबऱ्यावर थांबला. खाली पाहिलं. पायपुसण्यावर आधी उजवा, मग डावा, दोन्ही लोखंडी पाय नीट पुसले. आणि मग नवऱ्याचा गळा धरायला आत शिरला!

नवऱ्याच्या आधी आम्हाला कळलं, ती कोण होती ते.

पोहे हातातच राहिले. हसणं कुठल्या कुठं गेलं. बापू हळूच म्हणाला, "पुरी मशीन असती तर भेव नसतं वाटलं. आत अजून ती आहे ना!"

त्या दुपारी घरी गेलो. आमची सौ. आतून ओरडली, "पाय पुसून या!"

मी दारातच किंचाळलो.

* * *

दादारावचं म्हणणं, पत्रेवाल्यांच्या बंदुकीची भीती वाटते. मीही तसंच समजत होतो, एका रविवारपर्यंत.

त्या भागात पत्रेवाल्यांचा मुखिया एका आजारी म्हाताऱ्यासमोर बसतो. आम्ही श्वास रोखलेला. आता धमकी देणार, आता गोळी घालणार. तर तो पठ्ठ्या अगदी गोड आवाजात म्हणतो, "तुमचं दुखणं जाईल. शांत झोप लागेल. कुणावर भार होणार नाही. सुरुवातीला जरा टोचेल, मग सवय होऊन जाते."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आदल्याच दिवशी एका मॅडमला मी कमरेचा पट्टा विकला होता. हेच शब्द! हाच आवाज! तळहात असाच पुढं केलेला!

वळून पाहिलं तर दोघंही टीव्ही सोडून माझ्याकडं बघून राहिलेले.

बापू म्हणाला, "सुधाकर, तू त्यांच्या कंपनीत कधी लागला गा?"

चेष्टा झाली, पण नुकसान माझंच झालं. त्या दिवसापासून "बापू, बसवून घे ना," म्हणायला मी तोंड उघडलं की तो तळहात पुढं करून म्हणायचा, "हो हो, सवय होऊन जाते!" त्याचा चेहरा दिवसेंदिवस पांढरा पडत होता, आणि माझ्याकडचे सगळे शब्द पत्रेवाल्यांनी आधीच वापरून टाकलेले.

* * *

एका आजोबांना कानाची मशीन दिली. नव्या तऱ्हेची, फोनवरून आवाज कमी-जास्त होणारी. आजोबांचा फोन साधा, म्हणून ॲप सुनेच्या फोनमध्ये टाकून दिलं.

थोड्या दिवसांनी दोघं परत आले. आजोबांची तक्रार, "सकाळी चांगलं ऐकू येते. संध्याकाळी मशीन मरते."

तपासली. ठणठणीत! सेल बदलला, नळी साफ केली, काही सापडेना. बापू बाकावर बसून सगळं ऐकत होता. त्यानं विचारलं, "सूनबाई, संध्याकाळी घरी काय असते?"

सूनबाईनं मान खाली घातली. "संध्याकाळी सासूबाई बोलतात."

"मग?"

"त्या बोलायला लागल्या की मी बाबांचा आवाज कमी करते. त्यांचं बीपी वाढते ना, काका!"

बापू ताडकन उभा राहिला, तेवढ्यानं त्याला भोवळ आली, काउंटर धरून म्हणाला, "पाहून घे सुधाकर! कान याचा, बटन तिच्याकडं! पत्रेवाल्यात दुसरं काय आहे? एकाच्याही हाती स्वतःचं बटन नाही!"

आजोबांना तेव्हा मशीन फुल चालू होती. सगळं ऐकलं होतं त्यांनी. ते सुनेकडं वळले. आता भांडण पेटतं म्हणून मी पाण्याचा ग्लास भरला.

आजोबा म्हणाले, "इतके दिवस तू करून राहिली होती हे?"

"हो, बाबा."

"मग सकाळचंही पाहत जा जरा."

* * *

खापा गावाहून एक तरुण बाई आली. कारखान्याच्या मशीनमध्ये उजवा हात गेलेला. पुण्याहून विजेवर चालणारा हात बसवून आलेली. बोटं उघडतात, मिटतात, सगळं. तिला हाताच्या आतून घालायचे सुती मोजे हवे होते.

बापू तिच्या हाताकडं अशा नजरेनं पाहत होता की मलाच लाज वाटली. तिच्या लक्षात आलं. तिनं हसून हात पुढं केला. आता मागं सरकावं तर इज्जतीचा प्रश्न! बापूनं छाती काढून हात मिळवला.

बोटं मिटली. आणि उघडेनात!

बापूचा चेहरा कागदासारखा झाला. परवाच्याच भागात पत्रेवाल्यानं एकाचा हात असाच धरला होता आणि पुढं त्या माणसाचं जे झालं ते आम्ही तिघांनी पाहिलं होतं. मी बोटं ओढतो आहे, दादाराव बापूला ओढतो आहे, आणि ती बाई शांतपणे म्हणते, "घाबरू नका काका. चार्जिंग संपलं."

चार्जर तिच्या गाडीच्या डिकीत, गाडी गल्लीच्या टोकाला, आणि किल्ली ती दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नाही. म्हणून भरदुपारी बापू आणि ती बाई हातात हात घालून धंतोलीच्या गल्लीतून निघाले. आणि समोरून कोण यावं? बापूची बायको, शांतावहिनी! हातात भाजीची पिशवी.

वहिनींनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "काहून हो? आता हेच बाकी राहिलं होतं का?"

चार्जिंग होईपर्यंत दोघं दुकानात तसेच हात धरून बसले. वहिनी मधोमध, पहाऱ्यावर. बापूनं तिला विचारलं, "हा हात तुले तुझाच वाटते का, पोरी?"

ती म्हणाली, "गरम भांडं उचलताना माझाच वाटतो, काका. लेकराले थोपटायचं असलं की हा डावा लावते."

बोटं उघडली. पण बापूनं हात लगेच काढला नाही.

* * *

आणि मग तो रविवार उगवला. टीव्ही चालू, पोहे आलेले, बापू काहीतरी बोलता बोलता बाकावरून सरळ खाली! मी नाडी पाहिली. सापडेचना. दादाराव रडायलाच लागला. दुकानातली विक्रीची व्हीलचेअर प्लास्टिकसकट काढली, बापूला त्यात घातलं आणि रस्ता ओलांडून समोर नेलं.

शुद्धीवर आला. शांतावहिनी धावत आल्या, त्याच्या चपला छातीशी धरून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. डॉक्टर म्हणाले, "आता विचार करायला वेळ नाही. हो की नाही, सांगा."

बापूनं ओठ ओले केले. "एक विचारू? हे काढता येते का?"

"कधी?"

"मेल्यावर."

डॉक्टरांनी आमच्याकडं पाहिलं. मग सांगितलं, "काढावीच लागते. सरणावर ठेवायच्या आधी. नाहीतर आगीत ती बॅटरी फुटते."

वहिनींनी "अगं बाई!" केलं. दादाराव खुर्चीत बसला. मी इतकी वर्षं या धंद्यात, पण हे मलाही ठाऊक नव्हतं.

आणि बापूचा चेहरा मात्र मोकळा झाला. "पत्रेवाल्यांचं कोणी कधीच काढून देत नाही," तो म्हणाला. "तेच त्यांचं भेव आहे, डॉक्टरसाहेब. म्हणजे शेवटी मी एकटाच जाईन ना? हे सोबत नाही येणार?"

"एकटेच जाल."

"मग बसवा."

आगीत माल फुटेल हे ऐकून सौदा पक्का करणारं गिऱ्हाईक मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं!

* * *

ऑपरेशन चांगलं झालं. बापू घरी गेला. आम्ही निश्चिंत. आणि आठवडाही झाला नसेल, शांतावहिनींचा फोन.

"भाऊजी, लवकर या. हे ते नाहीत!"

बापूचा घरातला अवतार तुम्हाला ठाऊक नाही. खाणीच्या आवाजात ओरडून बोलायची सवय, ती रिटायर झाल्यावरही सुटली नव्हती. चहा गरम असला तरी ओरडा, गार असला तरी ओरडा. टॉवेल सापडला नाही की वहिनींच्या सात पिढ्या भैताड. भैताड म्हणजे आमच्याकडं डोकं फिरलेला, वेडगळ. लग्नापासून वहिनींनी हा शब्द रोज ऐकला आणि एकदाही उलट बोलल्या नाहीत.

मी आणि दादाराव पोचलो. वहिनी अंगणातच उभ्या. आत जायला तयार नाहीत.

"काय झालं, वहिनी?"

"दवाखान्यातून आल्यापासून एकदाही ओरडले नाहीत हो! सकाळी चहात साखर टाकायची विसरली मी. तर म्हणतात, छान झाला!"

दादारावच्या तोंडून निघालं, "बापरे!"

आत गेलो. बापू स्वच्छ शर्ट घालून पलंगावर बसलेला. "या, बसा," म्हणाला. या, बसा! आमच्याशी तो असं कधीच बोलला नव्हता. दादारावनं हिय्या करून त्याला डिवचलं, "बापू, तुमच्या खाणीत सगळे कामचोर होते गा." एरवी या वाक्यावर मारामारी झाली असती.

बापू म्हणाला, "होते काही काही."

आम्ही दोघंही उठलो. डॉक्टरांना फोन लावायला दारापर्यंत आलो, तेवढ्यात वहिनी आमच्यामधून सरळ आत गेल्या. त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, ओरडत काहून नाही तुम्ही?"

बापू म्हणाला, "आता गरज नाही पडत वं."

"म्हणजे?"

"जवानीपासून हे काळीज अधूनमधून बसून जाये. अंधारी येये. तुझ्यावर ओरडलो की जरा धावे. मले वाटे, असंच चालवावं लागते ह्याले. आता मशीन चालवते."

वहिनी त्याच्याकडं पाहत होत्या. डोळ्यांत पाणी होतं की आणखी काही, मला कळलं नाही.

"म्हणजे जन्मभर मी तुमची बॅटरी होती?"

"हो," बापू म्हणाला.

"भैताड आहात तुम्ही!" वहिनी एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारच्या घराची खिडकी उघडली. "एक नंबरचे भैताड!"

मी आणि दादाराव दारात खांबासारखे. बापूनं पटकन दोन बोटं मनगटावर ठेवली. डोळे मिटले. मोजत असावा. मग हळूहळू त्याचं तोंड कानापर्यंत पसरलं.

"धावलं वं, शांते!" तो म्हणाला. "मशीनीच्या पुढं धावलं!"