सासूबाईंची जखम का भरत नव्हती

माझ्या सासूबाई जाड होत्या. आणि तरी उपाशी होत्या.

आज सकाळी, दिल्लीतल्या द्वारकेच्या घरी, झोपेतच त्या गेल्या.

सगळे विचारतायत, आईंना काय झालं होतं? काही नाही. वय झालं होतं.
मला मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं त्यांचं ते आजारपणच आठवतंय.

सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नुकतेच इथे आलो होतो. मेट्रो नव्हती. अर्धी सोसायटी रिकामी, पाणी टँकरचं. सुहासला, माझ्या नवऱ्याला, गुडगावच्या मल्टिनॅशनलमध्ये नवी नोकरी.

आई करोल बागेतल्या शाळेतून रिटायर झालेल्या. सायन्स शिकवायच्या.

लिफ्ट बंद होती. जिन्यात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं.
ऑपरेशन एकदम छान झालं.

जखम भरेना.

टाके काढले तरी एका टोकाला उघडीच. शुगर नॉर्मल. इन्फेक्शन नाही. वॉकर धरून उभ्या राहिल्या की पाय लटपटायचे.

सुहास स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "आई आता अंथरुणालाच खिळणार का गं?"

घर केवढंसं. त्यांनी ऐकलं.

"ते नंतर बघू," आतून आवाज आला. "आधी ही का भरत नाहीये ते शोधू या. मला आरसा दे."

ड्रेसिंगच्या वेळी आरसा तिरका धरून त्यांनी स्वतःची जखम नीट पाहिली. न कचरता. कंपाउंडरच घाबरला.

पुढच्या तपासणीला सर्जनना थेट विचारलं, "डॉक्टर साहब, ये भर क्यों नहीं रहा?"

डॉक्टरांनी त्यांचा दंड चाचपला. रक्ताचा रिपोर्ट पुन्हा पाहिला.
"माताजी, खाती क्या हैं?"

मी उत्साहाने सांगितलं. तांदळाची पेज. साबुदाण्याची खीर. मऊ भात. ग्लुकोजची बिस्किटं. आणि डब्यातला ज्यूस, तेव्हा नवीनच मिळायला लागलेला, भारी वाटायचा.
आजारी माणसाला हलकं द्यायचं, हेच आम्हा सगळ्यांना माहीत.

"प्रोटीन कहाँ है इसमें?" डॉक्टर म्हणाले. "वज़न है, पर मांस घट गया है। दवाई इन्फेक्शन रोकेगी। घाव भरने का सामान तो खाने से ही आएगा।"

आई रिक्षात बसल्यावर हसायलाच लागल्या.
"आयुष्यभर मुलांना प्रथिनांचा धडा शिकवला. आणि स्वतः पेज पीत बसले. अच्छा, म्हणजे माणूस जाड असून उपाशी असू शकतो. हे पुस्तकात नव्हतं गं."

त्या दिवसापासून घरातली पेज बंद झाली.

मुगाची धिरडी, दही, अंडी, पनीरची भुर्जी. भूक नव्हती, म्हणून थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. कधी घास फिरायचा तोंडात, डोळ्यांत पाणी यायचं. तरी गिळायच्या.

आणि आरसा चालूच.
"लाल दिसतंय. हे चांगलं की वाईट?"
"लाल अच्छा है, माताजी," कंपाउंडर म्हणायचा. आता त्यालाही मजा यायला लागली होती.

हळूहळू जखमेचं तोंड मिटलं. मग पायात जोर आला. एक दिवस आम्ही जेवत असताना त्या वॉकर घेऊन एकट्याच बाल्कनीपर्यंत गेल्या. सुहासचं जेवण तसंच राहिलं.

पुढे कुणाचंही ऑपरेशन ठरलं की आई चौकशीला हजर. पाच-सहा वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावरच्या खुराना अंकलचं ठरलं. बायको गेल्यापासून ते चहा-टोस्टवर राहत होते. आई त्यांच्या मुलाला म्हणाल्या, "बेटा, डॉक्टर से पूछो, पहले थोड़ा खिला-पिला सकते हैं क्या?"

डॉक्टरांना घाई नव्हती. त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं. रोज दुपारी आमच्याकडून एक डबा खाली जायचा.

आज तिरडी उचलताना सोसायटीतली तरुण मुलं पुढे आली. त्यांना बाजूला करत खुराना अंकल आले.
"पहला कंधा मैं दूँगा," म्हणाले.
गेटपर्यंत कुणाला खांदा बदलू दिला नाही त्यांनी.

आई, सावकाश जा.
तुम्हाला आम्हा सगळ्यांचा मनापासून नमस्कार.